जिथं भाऊ गप्प बसत

प्रॉम्प्टरला भर तालमीत “जरा मोठ्यानं बोला की!” असं ओरडून सांगणारा मराठीतला पहिला नाटककार बहुधा मीच असेन. प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत बसून, प्रेक्षकांना कळणार नाही अशा बेतानं नटाला वाक्य पुरवणारा माणूस. त्यानं मोठ्यानं बोलायचं नसतं, हे पडदा ओढणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण त्या दिवशी मी तापलो होतो. मळवलीच्या शाळेतला वर्ग, बाकं भिंतीला लावलेली, आमचा हुकमी विनोदी नट विजू ऐन रंगात येऊन वाक्य विसरलेला, आणि विंगेत, म्हणजे फळ्याच्या आडोशाला, भाऊ मांडीवर वही घेऊन ढिम्म बसलेले.

“भाऊ, झोपलात काय?” अशी पुरवणीही मी जोडली.

भाऊंनी चष्म्यावरून पाहिलं. “जागा हाय.”

“मग वाक्य सांगा!”

“सांगतो की. पर ह्ये वाक्य त्यो माणूस बोलायचा न्हाई.”

सगळी तालीम हसली. अब्रू वाचवायला मीही हसलो आणि म्हणालो, “भाऊ, तो माणूस मी लिहिलाय.”

“व्हय,” भाऊ शांतपणे म्हणाले, “म्हणूनच.”

भाऊंचं गप्प बसणं हे असं होतं. लोकांचं बोलणं लक्षात राहतं. भाऊंच्या गप्प बसण्याच्या जागा मला आजही पाठ आहेत.

आमचं मंडळ म्हणजे नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यातली हौशी टोळी. मी तिथल्या स्टोअरमध्ये. दिवसभर चिठ्ठी बघून नटबोल्ट आणि हातमोजे द्यायचे, आणि कोणी बघत नसेल तेव्हा चिठ्ठीच्या मागे संवाद लिहायचे. लोणावळ्याला दर हिवाळ्यात एकांकिकांची स्पर्धा व्हायची. तिथं माझ्या तीन एकांकिका पडल्या होत्या. ‘झाल्या’ असं मी म्हणतो, घरात ‘पडल्या’ म्हणतात. भाऊ काही कारखान्यातले नव्हेत. लेण्यांच्या भाजे गावाहून रोज मळवली स्टेशनपर्यंत पाय मोकळे करायला यायचे आणि शाळेच्या खिडकीतून तालीम बघत उभे राहायचे. एकदा आमचा प्रॉम्प्टर दुसऱ्या पाळीला अडकला, तेव्हा मी त्यांना खिडकीतून आत ओढलं आणि हातात वही दिली. ती वही पुढं त्यांनी सोडली नाही.

आधीची सगळी हयात त्यांनी रेल्वेत कीमन म्हणून काढली होती. रूळ स्लीपरशी जखडून ठेवायला लोखंडी चाव्या असतात. त्या रोज चालत तपासायच्या, हातोडीनं एकेक ठोकून बघायची. मळवलीपासून लोणावळ्याच्या दिशेनं त्यांचा ठरलेला पट्टा होता. ऊन असो, धुकं असो. “बघायचं न्हाई, आयकायचं,” ते सांगत. “घट्ट आसंल तर टण्ण म्हणती. ढिली आसली की थप्प. डोळं फसत्यात, रायटर, कान न्हाई फसत.” मला ते पहिल्या दिवसापासून ‘रायटर’ म्हणत. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मी कधी विचारलं नाही. उत्तर झेपलं नसतं.

आता त्या वर्षीच्या एकांकिकेबद्दल सांगायलाच हवं. तिच्यात बाळू नावाचा एक वेडा होता. केस पिंजारलेले, गळ्यात पत्र्याची शिट्टी, आणि प्रत्येक पानावर निदान दोनदा कंसात माझी सूचना: (वेड्यासारखा हसतो). विजू तर हरखून गेला होता. आरशासमोर डोळे फिरवायचा सराव करून त्याची मान धरली होती. आणि बाळूचं वाक्य आलं की भाऊ गप्प! आईचं वाक्य सांगायचे, मामाचं सांगायचे, अगदी दूधवाल्याचं ‘येतो’सुद्धा पुरवायचे. बाळूची पाळी आली की फळ्यामागं शुकशुकाट. मी वही मागून घेतली, तर बाळूच्या प्रत्येक वाक्याशेजारी पेन्सिलीचा छोटा गोल.

तालीम सुटल्यावर मी त्यांना स्टेशनबाहेर चहाला गाठलं. लेखकाचा अपमान वगैरे मनात होतंच. म्हटलं, “भाऊ, वेडा माणूस कसा बोलतो ते तुम्हाला काय ठाऊक?”

माणसानं बोलण्याआधी एकदा तरी समोरच्याकडं नीट बघावं. मी बिस्किटाकडं बघत होतो.

“मी येडा झालतो की,” भाऊ म्हणाले. “आख्ख्या भाज्याला म्हाईत हाय. तुमालाच कुनी सांगितलं न्हाई व्हय?”

बिस्कीट चहात बुडालं. मीही.

“आठ म्हैनं,” ते पुढं म्हणाले, जसं कोणी रजेचे दिवस सांगावेत. “पर येकदा बी त्या तुमच्या कंसातल्यावानी हसलो न्हाई बगा. हसाया जमलं आसतं तर घरच्यांनी गावात पेढं वाटलं आसतं.”

मग त्यांनी सांगितलं. काही घडलं नव्हतं. कोणी मेलं नव्हतं, भांडण नव्हतं. एका सकाळी हातोडी मारली आणि त्यांच्या लक्षात आलं की सगळ्या चाव्या सारख्याच वाजताहेत. घट्ट तीच, ढिली तीच. “समदं यकच! टण्ण बी न्हाई, थप्प बी न्हाई. मी तितंच बसलो. म्हणलं, आता माझ्या भरवशावर गाडी जाऊ द्यायची न्हाई.” त्यांनी मुकादमाला तसं सांगितलं आणि घरी आले. मुकादम भला होता, पुण्याला डॉक्टरांकडं तोच घेऊन गेला. गोळ्या, वेळ आणि घरची माणसं, असं करत आठ महिन्यांनी पुन्हा हातोडी हातात आली.

“आणि घरात काय करायचात?”

“काय करणार? म्हैनाभर आंगुळीचं पानी काढाया जमंना. बंब समोर, बादली समोर, आन् मी पाटावर. लोकांस्नी वाटतं येडा माणूस कायतरी करतो. आरं बाबा, त्याला कायबी करता येत न्हाई, ह्योच तर आजार हाय! त्ये लिवा.”

एवढं बोलून त्यांनी मलाच विचारलं, “तुमाला कदी झालंय का आसं?”

“छे छे,” मी म्हणालो, “माझी फक्त कंबर धरते.” आणि मी त्यांना कंबरेची हकिगत सांगितली. वडील गेले त्या वर्षी माझी कंबर अशी धरली की महिनाभर अंथरुणातून जेमतेम उठायचो. एक्स-रे काढले, लेप लावले, कशात काही निघालं नाही. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं, चहा संपला म्हणून.

त्या दिवशी मळवलीहून लोणावळ्याला घरापर्यंत स्कूटर मी चालवली की तिनं मला आणलं, आठवत नाही. डोक्यात नुसता उजेड पडला होता! मुलीच्या साखरपुड्याला निघालेलं घर. गाडी दारात. मामा दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतोय. आणि मुलीचा धाकटा काका, बाळू, बादलीसमोर पाटावर बसलाय. त्यानं आंघोळ केली की घर निघणार. बस्स! आख्खी एकांकिका त्या एका आंघोळीवर! शिट्टी फेकली, कंस फेकले. चार दिवसांत नवी वही तयार.

घरी पहिलं वाचन नेहमी बायकोसमोर होतं. मंजिरी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळं वाचन कमी आणि तपासणी जास्त. ऐकून म्हणाली, “छान आहे. आजवर तुमच्या नाटकातली माणसं आंघोळ करत असतील असं कधी वाटलंच नव्हतं.” आमच्या घरात याला कौतुक म्हणतात.

आता तालमींना खरी धमाल आली. भाऊ वही घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी गोल घालून आणायचे. दर वेळी गोल कमी व्हायचे आणि मी परीक्षेच्या निकालासारखी ती वही उघडायचो. विजूची मात्र पंचाईत. “सर, डोळे फिरवायचे नाहीत, हसायचं नाही, मग मी करू काय?” “बादलीकडं बघ,” मी. “नुसतं?” भाऊ फळ्यामागून म्हणाले, “इजू, दुसऱ्या पाळीवरनं आल्यावर मोज्याकडं बघत बसतोस का न्हाई? तसं.” विजूला लख्ख कळलं. आणि मी एवढी पानं खर्ची घातली होती!

एक गोष्ट मात्र मला चक्रावत होती. काही गोल पेन्सिलीचे होते, काही निळ्या शाईचे. निळे गोल जास्त कडक. एके ठिकाणी मी बाळूच्या तोंडी चांगलं अर्धं पान भाषण दिलं होतं, दुःखावर, अगदी टाळीचं. निळ्या शाईनं ते सगळं खोडून वर एकच ओळ: ‘पानी तापलंय खरं, पर बादलीपत्तूर लय लांब हाय.’

मी थेट भाज्याला गेलो. वहिनींनी पडवीत चहा दिला. भाऊंनी आतल्या खोलीच्या दाराकडं मान वळवून हलक्या आवाजात सांगितलं, “निळी शाई सुमनची.”

सुमन त्यांची मुलगी. बाळंतपणाला आली होती. बाळ सात महिन्यांचं झालं, गुटगुटीत, वहिनींच्या कडेवर हुंकार देत होतं. पण सुमनचं मन उठलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालू होत्या, नवरा दर रविवारी येऊन बसून जायचा. सासरच्या आळीत मात्र ‘त्या घराण्यातच आहे ते’ अशी कुजबुज सुरू झाली होती, आणि ती तिच्या कानावर आली होती. तेव्हापासून दवाखाना सोडला तर तिनं उंबरा ओलांडला नव्हता.

“मी हितं उंबऱ्यावर बसून वही वाचतो,” भाऊ म्हणाले. “पैल्या दिशी आतनं आवाज आला, ‘आसं न्हाई, आबा.’ मी तर दचाकलोच! चार म्हैन्यांत तिनं आपनहून बोललेलं पैलं वाक्य, रायटर. मग रोज वाचाया लागलो.”

“म्हणजे हे नाटक...”

“तिचंच हाय निम्मं. आन् आईका, ती परयोगाला येती म्हणली.” भाऊंचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. “त्याचंच भ्या वाटतंय. बाळू आला आन् लोकं फिदीफिदी हसली, तर ती त्येच घिऊन आत जाईल. मग पुन्यांदा उंबरा वलांडायची न्हाई.”

आतून आवाज आला, “चहात साखर कमी हाय का बघा त्यांना.” तेवढंच. पण मी तो गोड चहा असा प्यायलो की जणू बक्षीसच.

परत आलो तो धास्तावून. स्पर्धेतला नंबर वगैरे डोक्यातून गेला. तिसऱ्या रांगेत बसणार असलेली एक मुलगी, एवढंच डोक्यात. त्या आठवड्यात मी एकच नवा प्रसंग लिहिला. बाळू इकडंतिकडं बघतो, तांब्याभर पाणी घेऊन फक्त केस भिजवतो, भांग पाडतो आणि ‘झाली आंघोळ’ म्हणून बाहेर येतो. मामा संशयानं न्हाणीघराकडं निघतो, साबण बघायला. त्याच्या आधी बाळूची आई आत जाते. साबण कोरडा. ती काही बोलत नाही, स्वतःच साबण पाण्यात धरून ओला करते आणि जागेवर ठेवून देते. मामा बघतो, ‘हं’ म्हणतो, आणि घर साखरपुड्याला निघतं.

केस भिजवायची युक्ती सुमनची होती, वहीत निळ्या शाईत. साबणाची गोष्ट मात्र कोणाची नाही. माझी! आख्ख्या नाटकात तेवढीच शंभर टक्के माझी. कुठून सुचली देव जाणे.

भाऊंनी ते पान दोनदा वाचलं. गोल घातला नाही. “ह्ये कुनी सांगितलं?”

“कोणी नाही. सुचलं.”

“आसं सुचत न्हाई, रायटर,” भाऊ म्हणाले आणि माझ्याकडं, ते ढिल्या चावीकडं बघत असतील तसं, बघत राहिले.

आमचा नंबर सकाळी दहाला लागला. सकाळी दहाला नाटक म्हणजे ताकाबरोबर श्रीखंड. तरी थिएटर निम्मं भरलं होतं. तिसऱ्या रांगेत वहिनी, मांडीवर बाळ. पलीकडं माझी मंजिरी. दोघींच्या मधे डोक्यावरून पदर घेतलेली सुमन. ती आली होती! भाऊंनी विंगेतून एकदा पाहिलं आणि वही उलटी धरली. मी ती सुलटी केली.

पडदा उघडला. मामानं दोन हशे घेतले. मग बाळू. विजू हा गावोगावच्या यात्रांत नुसता दिसला तरी हशा घेणारा नट. तो पाटावर बसला, बादलीकडं पाहिलं, आणि समोर चिडीचूप. हशाची सवय झालेल्या माणसाला शांतता म्हणजे फाशीच. पाच सेकंद गेले, दहा गेले. मला विंगेतून दिसलं, विजूची बुबुळं हळूहळू वर चढायला लागली. तेच ते डोळे फिरवणं! एकदा फिरवले असते तर थिएटर कोसळलं असतं, आणि तिसऱ्या रांगेत काय कोसळलं असतं ते मला आणि भाऊंना ठाऊक होतं. वहीत त्या जागी वाक्यच नव्हतं. प्रॉम्प्टरनं सांगायचं काय?

भाऊ कुजबुजले, “इजू. मोजा.”

बुबुळं खाली आली. विजू बादलीकडं बघायला लागला, दुसऱ्या पाळीवरून आल्यासारखा. मग सावकाश, थकून म्हणाला, “पानी तापलंय खरं, पर बादलीपत्तूर लय लांब हाय.”

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एक आजी “गं बाई” म्हणाल्या, तेवढंच. मग तो उठला, चोरासारखा इकडंतिकडं बघितलं, केसांवर तांब्या ओतला आणि ऐटीत भांग पाडला. आणि हसू आलं! एकच. बाईचं. खळाळून, श्वास लागेपर्यंत, तिसऱ्या रांगेतून. सुमन हसत होती! पदर खांद्यावर आला होता, ती आईच्या दंडावर चापट्या मारत होती आणि म्हणत होती, “आये, आगं मी! मी!” तिच्यामागून सगळं थिएटर हसलं. इतकं मोकळं हसू मी माझ्या नाटकांना कधी ऐकलं नव्हतं. आईनं साबण ओला केला तेव्हा तेच थिएटर असं थांबलं की बादलीत ठिबकणारं पाणी ऐकू आलं. भाऊंची वही खाली पडली होती. त्यांना ती लागत नव्हती.

बाहेर उन्हात चहा घेताना सुमन स्वतः माझ्यापाशी आली. मी कौतुक ऐकायच्या तयारीत मान झुकवली. ती म्हणाली, “तांब्या डाव्या हातात पायजे हुता. उजव्यात फणी आसती.” आणि बाळाला घ्यायला वळली.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी सगळ्यांसमोर शेरा दिला, ‘प्रामाणिक प्रयत्न, परंतु मुख्य पात्राचं वेड पुरेसं दिसलं नाही.’ विजू हिरमुसला. भाऊ मात्र खूश! परतीच्या टेम्पोत मांडीवर थापा मारत होते. “खरं बोलला की त्यो! दिसत न्हाईच त्ये! दिसलं आसतं तर लोकांनी आजारी समजून दोन भाकरी जास्त दिल्या आसत्या.”

सुमन पुढं बरी झाली. एकदम नाही, मागंपुढं होत. आता शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांना भाज्यात कांदेपोहे आणि चहा देते. भाऊंचं मात्र वय झालं. मी नवीन काही लिहिलं की त्यांच्या पडवीत जाऊन वाचायचो. ते गप्प बसले की तिथं खूण करायचो. शेवटची गोष्ट वाचली तेव्हा ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गप्प. एकदाही हुंकार नाही. म्हटलं, सगळीच ढिली?

वाचून झाल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “कान गेलं, रायटर,” ते मोठ्यानं म्हणाले. ज्या माणसाला मी एकदा ‘मोठ्यानं बोला’ म्हणालो होतो, तो तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. “आता तुमचं तुमीच आयका.”

त्या हिवाळ्यात भाऊ गेले. वही सुमननं मला दिली. पेन्सिलीचे गोल पुसट झालेत, निळे तसेच आहेत.

काल हा लेख मंजिरीला वाचून दाखवला. भाऊंच्या माघारी माझा कान तीच. सगळं नीट ऐकलं. कंबरेपाशी ती गप्प झाली. साबणापाशी पुन्हा गप्प झाली. मी थांबलो आणि विचारलं, “काय झालं? इथं ढिलं आहे का?”

“नाही,” ती म्हणाली. चष्मा काढून पदराला पुसत बसली. मग म्हणाली, “त्या महिन्यात तुम्ही रोज केस ओले करून बाहेर यायचात. सासूबाई न्हाणीघरात डोकावायच्या आत साबण मीच ओला करून ठेवायचे. तुम्हाला खरंच वाटलं, कंबर होती?”